खांबाचा पाय

भक्तपूरच्या न्यातपोल मंदिरासमोर मान आधी वर जाते, मग नजर पायऱ्यांवर उतरते. तळाला दोन पहिलवान, त्यांच्या वर हत्ती, मग सिंह, शार्दूल आणि शेवटी बाघिनी-सिंहिनी. प्रत्येक जोडी खालच्या जोडीच्या दसपट बलवान, असं इथे मानतात. भूपतींद्र मल्लाने १७०२ मध्ये उभारलेलं हे पाच छपरांचं देऊळ १९३४ चा भूकंप सोसून उभं राहिलं, २०१५ चाही. हाकेच्या अंतरावर, दरबार चौकातलं वत्सला देवीचं दगडी शिखर मात्र २०१५ च्या त्या भूकंपात, २५ एप्रिलला, ढिगारा होऊन पडलं.

लाकूड डोलतं, दगड मोडतो, असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. पण पाटणला सिद्धिनरसिंह मल्लाचं १६३७ चं कृष्ण मंदिर अख्खं दगडी असून उभं राहिलं आणि काठमांडूत हनुमान ढोक्याच्या चौकात विटा-लाकडाची देवळं गेली, मागे नुसती जोती उरली.

तिथलाच काष्ठमंडप. एकाच झाडाच्या लाकडातून घडवलेला, अशी लोकांची श्रद्धा. शहराला नाव देणारा, मधोमध गोरखनाथ बसलेला. भूकंपाच्या त्या शनिवारी तिथे रक्तदान शिबिर होतं. मंडप कोसळला आणि रक्त द्यायला आलेली माणसं त्याच्याखाली गेली.

पुढे पुरातत्त्वज्ञांनी खणलं, तर पाया सातव्या शतकापर्यंत मागे जाणारा, आणि धडधाकट. खोट वर निघाली. मंडपाचा भार पेलणारे मधले चार खांब. त्यांतल्या एकाचा पाय दगडी बैठकीत बसलेलाच नव्हता. विसाव्या शतकातल्या एका दुरुस्तीत तो सांधा जोडायचा राहिला आणि वर फरशी आली. फरशी गुळगुळीत असली की खाली कोण वाकून बघतो?

पुनर्बांधणीत लोखंड घालण्याची गोष्ट निघाली, तेव्हा शहरातली माणसं विरोधात उभी राहिली. लोखंड सुचवणारे काही वेडे नव्हते; माणसं मेली होती. तरी मला विरोध करणाऱ्यांचंच पटतं. इतकी शतकं पेललेल्या लाकडावर आपल्या हलगर्जीचा आळ कशाला? अखेर ठेकेदाराऐवजी स्थानिक समितीने काम हाती घेतलं आणि २०२२ मध्ये मंडप खुला झाला, जुन्याच पद्धतीने, लाकूड, वीट आणि मातीत बांधलेला.