पाच चिंचोक्यांचं तिकीट

पोस्टातल्या मॅडम ‘हा गुन्हा आहे’ म्हणाल्या, तेव्हा मला ती थाप वाटली. घरी येऊन शोधलं, तर खरंच निघालं. खोटं टपाल तिकीट करणं, ते वापरणं, कारणाशिवाय जवळ ठेवणं, इतकंच काय, ते छापायचा ठसा बाळगणं, सगळंच गुन्ह्यात मोडतं. जुन्या दंड संहितेत कलम २६३ अ होतं, नव्या न्याय संहितेत ते १८६ झालंय. दंड दोनशे रुपयांपर्यंत, शिवाय माल जप्त. उभी नोकरी बँकेच्या काउंटरमागे शिक्के मारण्यात गेली आणि हे उतारवयात कळलं. दोनशे रुपयांचं मला काही नाही. राग आहे तो बॉलपेनचा. ते पुढे येईलच.

मेल आर्ट म्हणजे टपालानं पाठवायची चित्रं. कार्ड हातानं रंगवायचं, त्यावर ठसे मारायचे, कात्रणं डकवायची, खरं तिकीट लावायचं आणि कधी न पाहिलेल्या माणसाला धाडून द्यायचं. त्यानंही असंच काहीतरी उलट पाठवायचं. पैशाचा व्यवहार नाही. न्यूयॉर्कच्या रे जॉन्सन या चित्रकारानं हे खूळ १९५०-६०च्या काळात वाढवलं आणि ते जगभर पसरलं. कुणी प्रदर्शन भरवणार असेल तर विषय आणि शेवटची तारीख कळवतो. आलेलं सगळं मांडायचं, निवड करायची नाही, काही परत पाठवायचं नाही आणि ज्यांनी ज्यांनी पाठवलं त्या सगळ्यांना यादी धाडायची, असा रिवाज आहे. मला हे फार आवडलं. आयुष्यभर वरिष्ठांचे शेरे वाचले, इथे शेरा मारणारं कुणी नाही.

आमच्या घरी हे लेकीनं आणलं. ती नोकरीसाठी बंगळूरला गेली, तिचं वेड सुटलं, पण परदेशातली कार्डं इथल्याच पत्त्यावर येत राहिली. आलेल्या पत्राला उत्तर द्यायचं असतं, म्हणून मी दिलं. एवढंच.

ठसा म्हटलं की मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला भेंडी आणि बटाटा आठवतात. मीही तिथूनच सुरुवात केली. भेंडीचं फूल आधी झकास उमटतं, मग ती बुळबुळीत होते आणि रंग धरत नाही. बटाट्याला पाणी सुटतं. म्हणून खोडरबरावर आलो. मऊ शिसाच्या पेन्सिलीनं बटर पेपरवर चित्र काढायचं, ते रबरावर पालथं घालून नखानं घासायचं. चित्र रबरावर उलटं उतरतं आणि कागदावर आपोआप सुलटं छापलं जातं, अक्षरं उलटी काढायची डोकेफोड वाचते. कोरताना ब्लेड अशी तिरकी धरायची की रेषेच्या बाहेरच्या अंगाला उतार राहील. ब्लेड रेषेखाली शिरली की रेषेचा आधारच जातो आणि चार ठसे मारले की ती दुमडते. ‘ळ’ कोरता आला की समजा हात बसला.

शाईचं मात्र ऐका. बँकेतली ती जांभळी शाई वापरू नका. तिच्यावरून ओला ब्रश फिरला की आख्खं कार्ड जांभळं होतं, आणि पावसाळ्यात तर ब्रशचीही गरज नाही. आधी जलरंग, तो खडखडीत वाळू द्यायचा, मग ठसा. पक्का ठसा हवा असेल तर स्पंजच्या तुकड्यानं ॲक्रिलिक रंग रबरावर टेकवायचा आणि काम झालं की लगेच रबर धुवायचं. लेक सांगायची तेव्हा मी ऐकलं नव्हतं, तुम्हीही ऐकणार नाही.

आता तिकिटांकडे येतो. मेल आर्टवाल्यांना स्वतःची तिकिटं काढायची भारी हौस. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लेन यानं १९५७ साली पॅरिसमधल्या प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रांवर नुसती निळी तिकिटं चिकटवली. ना चित्र, ना किंमत, कोरा निळा रंग. त्या तिकिटांवर टपालखात्याचा शिक्काही पडला. रॉबर्ट वॉट्स या अमेरिकन कलावंतानं १९६१ पासून तिकिटांचे ताव छापले. हे वाचल्यावर मला राहवेना. हिच्या शिलाई मशीनमधला दोरा काढला आणि नुसती सुई कागदावरून चालवली. तिकिटाच्या कडेला असतात तशी भोकं हुबेहूब पडतात. कागदानं सुई बोथट होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हिनं सांगितलं, ब्लाउज शिवायला बसल्यावर. मागच्या बाजूला डिंकाचं पाणी लावून वाळवलं की चाटून चिकटवता येतं.

माझ्या तिकिटावर लेजरवर झोपलेलं मांजर होतं. वर ‘वामकुक्षी गणराज्य’, खाली ‘५ चिंचोके’.

ब्राझीलला जायचं कार्ड होतं. एका अंगाला आमच्याकडच्या आठवडी बाजाराचं चित्र, छत्र्या, टोपल्या, मिरच्यांचा ढीग. पत्त्याच्या अंगाला उजव्या कोपऱ्यात सरकारी तिकिटं, पुरेपूर रकमेची, वजन करून घेतलेली. डाव्या कोपऱ्यात माझं मांजर. राख्यांचे दिवस असल्यामुळे रांग दारापर्यंत.

“आजोबा, हे काय लावलंय?”

“तिकीट.”

“कुठलं?”

“माझं.”

मॅडमनी कार्ड उजेडाकडे धरलं. मग शेजारच्या काउंटरवाल्याला दाखवलं. तो हसला, तेवढंच मला बरं वाटलं. मॅडम हसल्या नाहीत. “हे काढून टाका,” म्हणाल्या. मी म्हटलं, खरं तिकीट आहे की त्या कोपऱ्यात. “ते आहे, पण हेही तिकिटासारखंच दिसतंय. भोकं आहेत याला.” भोकं पाडणं गुन्हा आहे का, असं मी विचारलं. “भोकं नाही, तिकीट करणं गुन्हा आहे.” मागून कुणीतरी “अहो, काका, चला ना,” म्हणालं. आवर्ती ठेवीच्या पासबुकांचा गठ्ठा घेऊन आलेल्या एजंट बाईंनी माझी बाजू घेतली, मांजर गोड आहे म्हणाल्या. राखीचं पाकीट धरून उभ्या असलेल्या मुलानं मॅडमची घेतली. उद्या कुणीही तिकीट छापेल, असं त्याचं म्हणणं.

मग पोस्टमास्तर साहेब आले. साधा, सभ्य माणूस. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

“वामकुक्षी गणराज्य हा देश कुठे आहे?”

“दुपारी दोन ते चार आमच्या घरी असतो.”

हे बोलायला नको होतं, असं आमची ही म्हणते. मला नाही वाटत. साहेबही हसले. पण ‘गणराज्य’ हा शब्द असा वापरणं बरं दिसत नाही, म्हणाले. मग मी वाद घातला. म्हटलं, खोटं तिकीट म्हणजे सरकारनं काढल्याचा आव आणणारं तिकीट. चिंचोका हे कुठल्या सरकारचं नाणं आहे? मी कुणाला फसवलं? उलट टपालाचे पूर्ण पैसे देऊन वर तुम्हाला एक मांजर फुकट दिलंय. तेही कमी वाटलं म्हणून पुढचं सांगितलं. या खात्यात हौशी माणसं पूर्वीपासून आहेत, १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झालेला पिन कोड ज्यांच्या डोक्यातून निघाला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या मराठी मुलखातले आणि संस्कृतातले कवी. साहेबांना हे माहीत होतं. “पण त्यांनी काही स्वतःच्या घराचा वेगळा पिन कोड काढला नाही,” ते म्हणाले. यावर मला अजूनही उत्तर सुचलेलं नाही.

तीन पर्याय मिळाले. तिकीट खरवडून काढा, कार्ड पाकिटात घाला, नाहीतर आम्ही ते ‘बाद’ करतो. डिंक जुन्या पद्धतीचा, खरवडलं तर कार्ड फाटलं असतं. पाकीट मला नको होतं. तर बाद करा, म्हटलं. मला वाटलं, शिक्का मारतील. आनंदच झाला असता. पोस्टाचा काळा गोल शिक्का माझ्या मांजरावर! क्लेनला मिळाला तसाच.

मॅडमनी पेन काढलं. निळं बॉलपेन. मांजराच्या कानापासून शेपटीपर्यंत एक रेघ, मग दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी. पहिली नीट उमटली नाही म्हणून तिच्यावरूनच पुन्हा एकदा. कार्ड काउंटरच्या काचेवर होतं आणि जोर पासबुकात नोंद करताना लावतात तसा. कार्ड उलटून पाहिलं, तर पलीकडे मिरच्यांच्या ढिगावर फुली उठून आलेली, लाल रंगाला तडा. हे झाल्यावर त्यांनी सरकारी तिकिटावर तारखेचा शिक्का मारला. अगदी कोपऱ्यावर, हलक्या हातानं, त्यावरच्या चित्राला धक्का न लावता.

यातलं मला काय डाचतं, हे लोकांना समजावता येत नाही. पोस्टात कार्ड मळतं, कोपरे मुडपतात, कुठल्या तरी यंत्राची तेलकट रेघ येते, परदेशात बारकोडची चिकटपट्टी डकवतात. हे सगळं मेल आर्टमध्ये धरलेलंच असतं. प्रवासात जे झालं ते चित्राचाच भाग. मीही हे लोकांना तोंड भरून सांगत असतो. मग पेनची फुली का नाही? शिक्का मारला असता तर खात्यानं मारला म्हटलं असतं. पेन मात्र एक माणूस दुसऱ्या माणसाच्या कामावर चालवतो, तेही त्याच्यासमोर. तिकिटं जमवणाऱ्यांना विचारा, शिक्का चुकला म्हणून डिलिव्हरीच्या वेळी पेनानं काट मारलेली सुंदर स्मारक तिकिटं पाहून त्यांचा जीव कसा होतो. बँकेत आम्ही चेक रद्द करायचो तेव्हा दोन सरळ समांतर रेघा आणि मध्ये शब्द, पट्टी धरून. रद्द करण्यालाही काही रीत असते.

आता हे लिहिताना असंही वाटतं की मॅडमच्या जागी मी असतो तर कार्ड घेतलंच नसतं. नियमाबाहेरची वस्तू दिसली की आधी परत करायची, हे आमच्या हाडात मुरलेलं. तिनं निदान घेतलं, ब्राझीलला पोचवलं. त्या दिवशी त्या पोस्टात माझ्या कामाकडे सगळ्यात बारकाईनं तिनंच पाहिलं, भोकांसकट. तरीही राग जात नाही.

आणि रागाचंही माप असतं. उरुग्वेमध्ये लष्करी राजवट असताना क्लेमेंते पादिन हा मेल आर्टवाला १९७७ साली तुरुंगात गेला. त्याच्या सुटकेसाठी जगभरातून टपाल गेलं. पूर्व जर्मनीत असल्या कार्डांवर गुप्त पोलिसांची नजर असे. त्यांच्यापुढे माझ्या मांजरावरची फुली म्हणजे काहीच नाही. हे मला कळतं. पण आपलं जे मोडलं त्याचंच माणसाला दुखतं, तिथे इतिहास कामाला येत नाही.

ब्राझीलहून उत्तर आलं. निवडुंगाचा सुरेख ठसा, मागे आभार, बाजार आवडला, मिरच्या आवडल्या. फुलीबद्दल अक्षर नाही. तिथल्या बाईला ती दिसलीच नाही, की आमच्याकडची पद्धत वाटली, कोण जाणे. मी विचारायला गेलो नाही.

आमचे पोस्टमन मात्र आलेली कार्डं मला द्यायच्या आधी खालच्या वाण्याला दाखवतात, हे मला उशिरा कळलं. बायको म्हणाली, तक्रार करा. कशाला? वाण्याला आता क्लेन माहीत नसला तरी जपानी कार्डांवरचा मासा बरोबर ओळखता येतो. सगळं मांडायचं, निवडायचं नाही, तो नियम तिथे आपोआप पाळला जातो. मी स्वतः पाळतो का? खरं सांगायचं तर येणाऱ्यातलं निम्मं सुमार असतं. छापील चित्रं कापून चिकटवलेली, वर चमकी सांडलेली. ती मी खालच्या खणात ठेवतो आणि चांगली वरच्या. शेरा मारणारा शेवटी मीच निघालो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांनी एवढं करावं. सुट्टं चमचमतं काही लावू नये, दोरे लोंबते ठेवू नयेत, यंत्रात अडकतात. बिया, पानं परदेशी पाठवू नयेत. तिकीट कमी लावू नये, नाहीतर कार्ड नॉटपेड होतं आणि पलीकडच्याला भुर्दंड बसतो. गर्दीच्या वेळी जाऊ नये. शिक्का हातानं मारा, अशी विनंती गोड आवाजात करावी. स्वतःची तिकिटं काढायची असतील तर सरकारी तिकिटाची नक्कल कधीही करू नये, आणि काढलेली चित्राच्या बाजूला लावावीत, पत्त्याच्या नाही. मी अजून पत्त्याच्याच बाजूला लावतो.

लेक म्हणते, बाबा, पाकिटात घाला ना, प्रश्नच मिटेल. मिटेल. पण मग वाटेत कुणाला काही दिसणार नाही, वाण्यालाही नाही, मॅडमनाही नाही. हे तत्त्व मी तिला मोठ्या आवाजात फोनवर सुनावलं. परवा धो धो पाऊस लागला होता, तेव्हा बेल्जियमचं कार्ड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पाकिटात घालून, वर चिकटपट्टी मारून पाठवलं. हे तिला अजून सांगितलेलं नाही.