हवेला यायची वाट

आमच्या मुकुंदनगरातल्या जुन्या घरात बाथरूम नव्हते, मोरी होती. वर पत्रा आणि भिंत व पत्रा यांच्यामध्ये वीतभर फट. नगरच्या थंडीत त्या फटीतून असा वारा यायचा की आंघोळ करणारा कलमा पढतच बाहेर पडायचा. पाणी तापवायचा तांब्याचा बंब अंगणात असे. त्याच्या धुराने डोळे चुरचुरतात, ही अम्मीची जन्माची तक्रार.

घर नव्याने बांधले तेव्हा तिला सगळे सुख द्यायचे आम्ही ठरवले. छतापर्यंत टाइल्स, आत भिंतीवर गॅस गिझर, पीव्हीसीचा दरवाजा आणि खिडकीच्या जागी नऊ इंची एक्झॉस्ट फॅन. पाणी खोलीत येऊ नये म्हणून दरवाजाखाली रबरी पट्टीही आम्हीच हौसेने बसवून घेतली.

दुसऱ्या वर्षी फॅन बिघडला. बटण दाबले की नुसता घुमायचा, फिरायचा नाही. काठीने पाते ढकलले की सुरू. वायरमन पोरगा म्हणाला, "चाचा, कंडेन्सर गेला." तो बदलला. फॅन फिरू लागला, पण वाफ काही हटेना. वायर उलटी जोडली गेल्याने फॅन उलटा तर फिरत नाही ना, हे पाहिले. सुलटाच होता. पात्यांवरची जळमटे काढली, बुशमध्ये तेलाचे दोन थेंब सोडले, बाहेरच्या अडकलेल्या झडपा मोकळ्या केल्या. शेवटी फॅनच नवा आणला. तरीही आंघोळीनंतर आरसा आंधळा तो आंधळाच.

त्याच दिवसांत अम्मीचे डोके दुखू लागले. आंघोळ करून आली की पलंगावर गप्प बसून राही. आम्ही म्हणालो, वय झाले, बीपी असेल. वाफेची काळजी आम्हांला टाइल्सवरच्या काळ्या डागांपुरती होती.

डिसेंबरातला जुमा होता. अम्मी आंघोळीला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, हाक मारली तर अम्मीचा आवाज येईना. दरवाजा तोडला. ती भिंतीला टेकून कोसळली होती. घरातल्या बायकांनी तिला चादरीत गुंडाळून बाहेर काढले. आत गिझर जळत होता आणि नवा फॅन झोकात फिरत होता.

दवाखान्यात डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "गिझर गॅसचा आहे? बाथरूमच्या आतच?" लगेच ऑक्सिजन लावला. मग त्यांनी समजावले. कोंडलेल्या जागेत ज्योत प्राणवायू खाते. तो कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. डोकेदुखी, चक्कर, मग शुद्ध जाणे. बंबाचा धूर डोळ्यांत पाणी आणून सावध तरी करायचा. हा सांगून येत नाही.

रात्री अम्मी नीट बोलली. अल्हमदुलिल्लाह.

"पण फॅन तर चालू होता," आम्ही वायरमनला म्हणालो. त्याने वर्तमानपत्राचा कपटा फॅनच्या जाळीवर धरला. दरवाजा उघडा असताना कपटा जाळीला चिकटला. दरवाजा लावला, तर गळून खाली पडला. "चाचा, हवा आत यायला जागाच नाही, तर हा बाहेर काय फेकणार?" आम्ही महिनाभर फॅन दुरुस्त करत होतो. दोष आमच्या रबरी पट्टीत होता.

आमच्या शहरालगत निजामशाही काळातली फराहबाग आहे. सोळाव्या शतकातला तो अष्टकोनी महाल तळ्याच्या मध्यभागी बांधला, म्हणजे पाण्यावरून येणारा वारा गार होऊन आत यावा. जुन्या हमामांतही भट्टी न्हाणाऱ्यांच्या दालनात नसे, वेगळ्या जागी असे. आगीला वेगळी जागा आणि हवेला यायची वाट हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. आम्ही मात्र आग आत घेतली आणि वाट बंद केली.

आता गिझर उघड्या व्हरांड्यात आहे, पाणी नळीने आत येते. रबरी पट्टी काढून टाकली, दरवाजाला खालच्या बाजूने जाळी बसवली. फॅन तोच, पण आरसा पाच मिनिटांत स्वच्छ होतो. आपल्या घरी गिझर आत असेल तर आजच बाहेर काढा, आणि कागदाचा एक कपटा दरवाजा लावून जाळीवर धरून पाहा.

वजू करून येताना अम्मी हल्ली रोज कुरकुरते, "खालून वारा येतो रे, पाय गार पडतात." आम्ही तिला मोजे आणून दिले आहेत. जाळी मात्र बंद करणार नाही.