शिकवणाऱ्याची पाळी

कात्रज, पुणे

चि. सूनबाईस,

तुमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या मुलांना तयार करायचं काम तुझ्याकडे आलं, याचा फार आनंद झाला. दोन दिवसांच्या वर्गाचा बेत तू फोनवर सांगितलास, तेव्हापासून डोक्यात तोच विषय आहे.

वर्ग घे, पण अर्ध्याच दिवसाचा. दुधातलं फॅट मोजायची गर्बर पद्धत कागदावर चार ओळींची आहे. ब्युटिरोमीटरच्या नळीत आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, सेंट्रिफ्यूजला फिरवायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. मुलं हे घडाघडा म्हणून दाखवतात. पण दूध काचेच्या कडेनं सावकाश सोडलं नाही, तर आम्लाशी एकदम भिडून करपतं, काळे कण फॅटच्या थरात येतात आणि वाचन चुकतं. हलवताना नळी किती तापते, फडक्यात कशी धरायची, हे फळ्यावर कसं शिकवणार?

म्हणून प्रत्येक मुलाला एकेका जुन्या माणसाशेजारी उभं कर. एकच नमुना दोघांनी वेगवेगळा तपासावा, आकडे झाकून लिहावेत, मग ताडून पाहावेत. फरक आला तर रागवायचं नाही. कुठल्या पायरीवर आला ते दोघांनी शोधायचं. कधी जुन्याचीच सवय बिघडलेली निघते, तेही बरंच.

आणि मोजायचं कशासाठी, ते पहिल्याच दिवशी सांग. आपल्याकडे गाईच्या दुधाचा भाव ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, धरून ठरतो. वाचन एका रेघेनं खाली गेलं, तर पैसे कुणा शेतकऱ्याचे कापले जातात. आमच्या कात्रज डेअरीसारखे संघ तर शेतकऱ्यांच्याच मालकीचे.

मला खरी काळजी शिकवणाऱ्याची वाटते. काम करता करता शिकणाऱ्यासाठी १९६१ सालापासून अ‍ॅप्रेंटिस कायदा आहे. शिकवणाऱ्याचे तास मात्र मी कुठल्या हजेरीपटावर पाहिले नाहीत. दारात टँकर, टेबलावर नमुन्यांची रांग आणि वर ‘याला जरा शिकवा’. मग तो भराभर उरकतो आणि नवा नुसता बघत राहतो.

तेव्हा साहेबांकडे प्रोजेक्टर मागण्याआधी एवढं माग: मुलं शिकताहेत तोवर त्या जुन्या माणसांचे नमुने निम्मे करा. आणि ते लेखी घे.

तुझे,
बाबा