एका चौकटीत चौघे

'मार्व्हल अल्टिमेट अलायन्स' हा व्हिडिओ गेम आला 2006 मध्ये. मी तो पहिल्यांदा खेळले 2021 च्या एप्रिलमध्ये, लखनौला, इंदिरानगरच्या आमच्या घरी. धाकट्या भावानं कधीतरी नाशिकहून प्लेस्टेशन-टू, दोन कंट्रोलर आणि सात-आठ डिस्क असा खोका पाठवला होता, तो माळ्यावर पडून होता. नवरा मागच्या खोलीत विलगीकरणात होता. दर चार तासांनी दाराबाहेरून ऑक्सिमीटरचा आकडा विचारायचा आणि वहीत लिहायचा, याखेरीज माझ्या हातून फारसं काही होत नव्हतं. अकरा वर्षांच्या लेकानं स्टुलावर चढून खोका खाली काढला आणि मला न विचारता एक कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला.

गोष्ट साधी आहे. डॉक्टर डूम नावाचा खलनायक जगभरच्या दुष्टांची मोट बांधतो, त्याला ओडिन या देवाची शक्ती हवी असते. निक फ्युरी सुपरहिरोंना बोलावतो. वीसहून जास्त वीरांमधून चौघे निवडायचे आणि समुद्रतळाशी, नरकात, देवांच्या नगरीत, जिथे तिथे जाऊन हाणामारी करायची. शत्रू मारले की अनुभव वाढतो, अनुभव वाढला की अंगची शक्ती वाढवून घेता येते. आम्ही दोघं दोन वीर चालवायचो, उरलेले दोघं यंत्र चालवायचं.

या गेममध्ये पडद्याचे तुकडे होत नाहीत. कॅमेरा वरून बघतो आणि सगळे वीर एकाच चौकटीत राहतात. एक जण पुढे धावला आणि दुसरा मागे रेंगाळला तर पुढच्याचे पाय कडेला अडतात. तज्ज्ञ खेळाडूंना याचा राग येत असेल. मी तज्ज्ञ नाही, मी सतत रेंगाळणारी. लेकाचा स्पायडर-मॅन चौकटीच्या कडेला जागच्या जागी धावत राहायचा आणि म्हणायचा, "आई, तुम्ही मागे राहिलात."

हे 'तुम्ही' समजावून सांगायला हवं. महाराष्ट्रात मूल आईला 'तू' म्हणतं. माझा मुलगा लखनौत वाढला, इथे घरात आईलाही 'आप' म्हणतात, आणि मराठीत बोलताना त्या 'आप'चं तो इमानदारीनं भाषांतर करतो. पुण्याची मावशी हसते. मी दुरुस्त करायचं केव्हाच सोडलं. भाषांतरकाराच्या घरात निदान एकाचं भाषांतर तरी मूळाशी प्रामाणिक असू दे. अरुंद पुलावर आमचे दोन वीर एकमेकांना वाट देत उभे राहिले की तो 'पहले आप' म्हणायचा आणि स्वतःच खिदळायचा. बंद दाराआडून नवरा विचारायचा, काय झालं.

त्याच दिवसांत माझ्या टेबलावर 'तिलिस्मे-होशरुबा'चा पहिला खंड उघडा होता. ही अमीर हमजाच्या दास्तानमालेतली सर्वांत गाजलेली दास्तान. ती याच शहरात, मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यातून 1883 ते 1893 या दहा वर्षांत निघाली. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांचे, पुढचे अहमद हुसैन क़मर यांचे, सगळी मिळून आठेक हजार पानं. मराठी वाचकाला अय्यार आणि तिलिस्म हे शब्द बहुधा दूरदर्शनवरच्या 'चंद्रकांता'तून माहीत असतात. मी त्यातले काही तुकडे मराठीत आणत होते, म्हणजे आणायचं ठरलं होतं. सकाळी होशरुबा, संध्याकाळी गेम, आणि मधे वही. दोन्हींकडे एक टोळी होती आणि एक मायावी सम्राट, त्यामुळे तुलना टाळणं मला शक्यच नव्हतं. तौलनिक साहित्यात एम. ए. केल्यावर माणसाला एवढीच एक खोड लागते.

होशरुबातली टोळी अशी आहे. अमर अय्यार आणि त्याचे साथी हे बहुरूपी, हेर, चोर. जादू त्यांना येत नाही. एखादी जादूगारीण त्यांना चुटकीसरशी जागीच खिळवून ठेवू शकते. त्यांच्याकडे असतं ते वेषांतर, बेहोशीची पूड, गाणं, लबाडी, आणि अमरची ती झंबील, जिच्यात काहीही मावतं. महरुख आणि बहार या त्यांच्या बाजूच्या जादूगारिणी, दोघी मुळात सम्राट अफरासियाबच्या गोटातल्या. बहारनं मंत्र टाकला की वसंत फुलतो आणि समोरची फौज तिच्या प्रेमात पडून भान हरपते. पण तिलाही कुणी कैद केलं की सोडवायला अय्यारच जावं लागतं, म्हातारीचं नाहीतर साकीचं सोंग घेऊन. ज्याच्या नावावर ही सगळी मोहीम आहे तो शहजादा असद तर बराच काळ कैदेतच असतो. इथे प्रत्येकाला काहीतरी येत नाही, आणि दास्तान चालते ती त्या न येण्यावर.

गेममध्ये सगळ्यांना सगळं येतं. थॉर हातोडा मारतो, स्टॉर्म वीज पाडते, वोल्व्हरिन नखं चालवतो, दिसायला सगळं वेगळं. पण माझ्या अंगठ्याखाली दोनच बटणं होती, हलका फटका आणि जोरदार फटका. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की वीर बदलला तरी माझं बोट बदलत नाही. कुणी उडतो, कुणी जड वस्तू उचलतो, पण ते अमक्यालाच जमेल म्हणून वाट अडलीय असं फारसं होत नाही. याच कंपनीच्या, रेव्हन सॉफ्टवेअरच्या, 2004 च्या 'एक्स-मेन लेजेंड्स'मध्ये आइसमॅन बर्फाचा पूल बांधायचा, आग विझवायचा. त्या मानानं हे मागचं पाऊल. टोळीचा उपयोग इथे बेरजेपुरता उरतो: ठरावीक चौघे एकत्र घेतले, समजा अ‍ॅव्हेंजर्सपैकी चार, की थोडा फायदा मिळतो.

आणखी एक गोष्ट मला खटकत राहिली. होशरुबात जादूगार मेला की अंधार होतो, वादळ सुटतं, दगड बरसतात आणि एक आवाज मेलेल्याचं नाव सांगतो. हजारो मरतात, पण साध्यासुध्या जादूगाराचंही नाव सांगितलं जातं. ती नावं मराठीत कशी आणावीत यावर मी दिवस घालवले आहेत. गेममध्ये शत्रू पडतो, त्याच्यातून नाणी उडतात, आपण ती वेचतो. त्या एप्रिलमध्ये रोज सकाळी हिंदी वर्तमानपत्रातलं नावांचं पान मी उलटं घालून ठेवायची, लेकाच्या हाती पडू नये म्हणून.

तरी गेमच्या लेखकांनी एका जागी जे केलं ते मला अजून विसरता आलेलं नाही. मेफिस्टोच्या नरकात जीन ग्रे आणि नाइटक्रॉलर असे दोघं अडकलेले असतात. एकालाच वाचवता येतं, दुसरा गर्तेत जातो. आम्ही तिथे पोचलो त्या दिवशी दुपारचा आकडा 91 होता. मी सकाळपासून फोन करत होते. दोन ठिकाणी खाट नव्हती, तिसऱ्या ठिकाणी यादी होती आणि यादीत आधी कुणाला घ्यायचं ते ते लोक ठरवणार होते.

"आई, कुणाला?"

मी म्हटलं, तूच ठरव, आणि कंट्रोलर ठेवून स्वयंपाकघरात गेले. कुकर लावलेला नव्हता. परत आले तेव्हा जीन वाचली होती. "तिची ताकद जास्त आहे," तो म्हणाला.

रात्रीचा आकडा 93 आला, दुसऱ्या दिवशी 94. खाट लागली नाही. मे उजाडता उजाडता मागच्या खोलीचं दार उघडलं.

गेम आम्ही जूनमध्ये संपवला. नंतरची अंगणं नि भुयारं एकमेकांसारखीच आहेत, त्यांविषयी लिहिण्यासारखं काही नाही. पण शेवटी वॉचर नावाचा एक साक्षी येतो आणि तुम्ही वाटेत जे केलं, जे करायचं सोडलं, त्याचे परिणाम एकेक करून सांगतो. आमच्या वाट्याला आलं ते असं: नाइटक्रॉलरच्या मृत्यूचा सूड म्हणून मिस्टीकनं प्रोफेसर एक्सला मारलं.

"तिनं का?"

"कॉमिक्समध्ये ती त्याची आई आहे."

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेव्हा तुम्ही का नाही सांगितलंत, कुणाला वाचवायचं?"

मी म्हटलं, मला भात बघायचा होता. ते खरंच होतं, आणि त्याला ते पटलं नाही हेही मला दिसलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून खेळलो. या वेळी त्या जागी मी बसून राहिले, दोघांनी मिळून नाइटक्रॉलरला वाचवलं. शेवटी वॉचरनं सांगितलं की जीन डार्क फीनिक्स होऊन परतली. लेक माझ्याकडे बघून हसला, जरा मोठ्या माणसासारखा.

हा गेम 2016 मध्ये नव्या यंत्रांसाठी पुन्हा विक्रीला आला आणि 2018 मध्ये काढून टाकला गेला. आता जुनी डिस्क असेल त्यानंच खेळावा. आमच्या डिस्कवर एक चरा पडलाय, अटलांटिसमध्ये चित्र थबकतं आणि मग पुढे सरकतं. होशरुबाचे माझे तुकडे अजून पुरे व्हायचेत. मृत जादूगारांच्या नावांचं भाषांतर करायचं नाही, ती आहेत तशी ठेवायची, एवढं मात्र ठरलंय.

हल्ली दुसरा कंट्रोलर नवऱ्याकडे असतो. तो माझ्याहून संथ आहे, पायऱ्या चढल्यासारखा प्रत्येक उडीआधी थांबतो. परवा मी टेबलाशी होते, तेव्हा मागून लेकाचा आवाज आला, पूल कोसळत असावा: "बाबा, उडी मार ना तू!" आणि लगेच, जरा ओशाळून, "मारा ना."