पकड सैल करणारी साखर

खळगे धुणं हे जिवाणूंची पकड सोडवणाऱ्या साखरा तपासण्याच्या कामातलं सर्वांत अवघड कौशल्य. शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा हे जिवाणू वाढवायचे, मोकळे तरंगणारे ओतून टाकायचे, उरलेल्या थरावर क्रिस्टल व्हायोलेटचा जांभळा रंग चढवायचा आणि मग पाण्याने अलगद खळबळायचं. जांभळं जितकं गडद, तितकी बायोफिल्म, म्हणजे जिवाणूंचा चिकट थर, दाट. हात जरा जोरात पडला, की घट्ट चिकटलेला थरही वाहून जातो आणि औषध लागू पडल्याचा भास होतो. म्हणून जाणता संशोधक पहिल्या खळग्यापासून शेवटच्यापर्यंत हात सारखाच ठेवतो. काही खळग्यांत तो जिवाणूंना न चिकटणारी साखरही घालतो. त्या तुलनेशिवाय आकडा विश्वासाचा नाही.



या जिवाणूंना पेशींवरच्या साखरा धरता येतात, त्या लेक्टिन नावाच्या प्रथिनांमुळे. इस्रायलमधल्या बार-इलान विद्यापीठात नेखामा गिल्बोआ-गार्बर यांनी १९७०च्या दशकात स्यूडोमोनासमधली अशी दोन लेक्टिनं उजेडात आणली. लेकए गॅलेक्टोजला धरतं, लेकबी फ्युकोजला. लेकबी चार एकसारख्या घटकांचं असतं. प्रत्येक घटकात दोन कॅल्शियम आयन, आणि फ्युकोज थेट त्यांनाच जाऊन बिलगतं. पकडीच्या जागा चार, तर अडवणाऱ्या रेणूलाही अनेक हात हवेत. बर्न विद्यापीठातल्या जाँ-लुई रेमों यांच्या गटाने नेमकं तेच केलं. फांद्याफांद्यांच्या पेप्टाइडच्या टोकांना फ्युकोज जोडून त्यांनी २००८मध्ये दाखवलं, की या रेणूने बायोफिल्म धरत नाही आणि धरलेलीही विस्कटते.

जिवाणू मारायचा नाही, त्याची पकड सोडवायची, हा या वाटेचा खरा मोठेपणा. मारलं नाही म्हणजे प्रतिकारक जिवाणूच तेवढे उरण्याचा दबाव कमी राहील, अशी आशा आहे. विखुरलेल्या जिवाणूपर्यंत प्रतिजैविकही सहज पोचतं.

पण प्लेटमधलं यश रुग्णापर्यंत पोचेलच असं नाही. मूत्रमार्गाच्या संसर्गातला ई. कोलाय फिमएच या प्रथिनाने मॅनोजला धरतो, म्हणून मॅनोजची पावडर लोकप्रिय झाली. इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९८ स्त्रियांवरच्या चाचणीचा निकाल २०२४मध्ये आला. प्लेटमधल्याप्रमाणे इथेही तुलनेला दुसरी साखर होती, फ्रुक्टोज. सहा महिन्यांत मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जणी पुन्हा संसर्गाच्या शंकेने डॉक्टरकडे गेल्या, फ्रुक्टोज घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के. हा फरक औषधाचा गुण म्हणून धरण्याइतका नव्हता.