धुतलेले पाय

पवित्र गुरुवारच्या सायंकाळी बारा जणांचे पाय धुताना आपण फार नम्र आहोत, असे मला प्रतिवर्षी वाटत असे. हे सांगताना संकोच होतो. परंतु पापनिवेदनाच्या जाळीआड बसून इतरांचे ऐकणाऱ्याने कधीतरी स्वतःचेही सांगावे.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील तेरावा अध्याय सेमिनरीत असल्यापासून माझ्या आवडीचा. पोप पायस बारावे यांच्या १९५५ च्या सुधारणेने हा विधी सायंकाळच्या मिस्सामध्ये भाविकांसमक्ष करण्याची मोकळीक मिळाली. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी स्त्रियांनाही त्यात स्थान दिले. हा इतिहास मी प्रवचनातून मोठ्या रसाने सांगत असे. बारा जणांची निवड मात्र मी स्वतः करी, आणि त्या वेळी माझी दृष्टी धर्मग्रामातील प्रतिष्ठितांपलीकडे सहसा जात नसे.

काही वर्षांपूर्वी बेळगावनजीकच्या एका लहानशा धर्मग्रामात मी होतो. मिस्सा सुरू होण्यास थोडा अवधी असताना बारांपैकी एक सद्गृहस्थ तापाने अंथरुणास खिळल्याचा निरोप आला. मंदिराची देखभाल करणारे वृद्ध काका म्हणाले, "फादर, दाराशी एक जण उभा आहे. त्याला बसवू का?"

मी पाहिले. वीटभट्टीवर काम करणारा तो मनुष्य. दारूचे व्यसन सर्वांस ठाऊक. आदल्याच रविवारी मी नाव न घेता त्याचे असे हुबेहूब वर्णन प्रवचनात केले होते की, बाकांवरच्या साऱ्या माना त्याच्याकडे वळल्या होत्या. वेळ नव्हता, म्हणून मी होकार दिला.

अकरा जण घरून पाय साबणाने घासून आले होते. घंगाळातले पाणी जसेच्या तसे निर्मळ राहिले. बाराव्याने पाय मागे ओढला. टाचांच्या भेगांत भट्टीची तांबडी माती बसलेली. "नको फादर, मळलेत," तो पुटपुटला.

आणि वाचकहो, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: याने निदान पाय तरी धुऊन यायचे होते!

पेत्रालाही प्रभूने आपले पाय धुवावेत हे सहन झाले नव्हते. पण मला त्या क्षणी पेत्र आठवला नाही, आठवला यहूदा. प्रभूने पाय धुतले तेव्हा तोही तेथेच होता, आणि त्याच्या मनातले प्रभूस ठाऊक होते. मी मात्र यादीतून माणसे गाळीत आलो होतो. मंदिरात उभे राहून आठवड्यातील दोन उपास आणि दशांश मोजून दाखविणाऱ्या परुश्यावर मी अनेकदा बोललो आहे. तो बिचारा उपास तरी मोजीत होता. मी माझी नम्रता मोजीत होतो.

मी तो पाय हाती घेतला. पाणी तांबडे झाले.

ईस्टरनंतरच्या सोमवारी मी भट्टीवर गेलो. त्या रविवारच्या प्रवचनाबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. "तुम्ही खोटं काही बोलला नव्हता, फादर," इतकेच अखेर म्हणाला. मग विटांच्या ढिगावर त्याने एक पोते अंथरले, हाताने दोनदा झटकले.

"बसा. झगा पांढरा आहे तुमचा."