इतिवृत्त वाचून कायम करणे

अमेरिकेतल्या अर्लम कॉलेजचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक पीटर सबर यांनी १९८२ साली 'नोमिक' नावाचा खेळ तयार केला. यात नियम बदलणं हीच खेळी. त्याच वर्षी डग्लस हॉफस्टॅटर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात तो छापला आणि लोक खेळू लागले. आपली पाळी आली की ठराव मांडायचा, मतं घ्यायची, फासा टाकायचा. पडेल तितके गुण. शंभर करणारा जिंकला. पहिल्या दोन फेऱ्यांत ठरावाला एकमत लागतं, नंतर साधं बहुमत पुरतं.

घोळ तिथेच होतो. आम्ही पाच जण खेळत होतो. ठरावांचे क्रमांक ३०१पासून सुरू होतात, म्हणजे ३१०वा ठराव दुसऱ्या फेरीतला शेवटचा. 'एकाऐवजी दोन फासे टाकावेत' असा तो ठराव तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर धरला गेला. विरोधात हरलेल्या पहिल्या आणि तिसऱ्या खेळाडूला नियम २०४प्रमाणे दहा-दहा गुणही मिळाले. फेरी तेव्हा पुरी झालेली नव्हती, एकमत हवं होतं, हे ३१४च्या पाळीला चौथ्याच्या ध्यानात आलं.

मागे जाऊन हिशेब सुधारावा, तर चार जणांनी दोन-दोन फासे टाकलेले, आणि कागदावर फक्त बेरजा. पहिला फासा कोणता होता, कोण सांगणार? चौथ्याने लगेच नियम २१३ पुढे केला: खेळीची वैधता ठरवता येत नसेल, तर पाळी पुरी करू न शकणारा पहिला खेळाडू विजयी. "अरे, म्हणजे मीच जिंकलो!"

निवाडा आधीच्या पाळीच्या खेळाडूने द्यायचा, म्हणजे तिसऱ्याने. स्वतःचे दहा गुण धोक्यात घालून त्याने ३१० रद्द ठरवला. पण चौथ्याला म्हणाला, वाद गुणांचा आहे, तुझ्या पाळीचा नाही, एक फासा टाक.

पुढचा ठराव पाचव्याचा. ३१०ही त्याचाच, आणि फेटाळलेल्या ठरावापायी दहा गुणांची वजावट त्याच्या बोकांडी बसणार होती. त्याने मांडलं: 'कागदावर आत्ता आहेत तेच गुण या क्षणापासून ग्राह्य.' नियम १०७ला पूर्वलक्षी बदल चालत नाही, म्हणून 'या क्षणापासून' हे शब्द. सोसायटीच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचून कायम करतात, तसंच हे. १९९३पासून ईमेलवर चालू असलेल्या 'अगोरा' या नोमिकमध्येही हीच युक्ती आहे: अधिकृत अहवालावर आठवडाभर आक्षेप आला नाही, तर चुकीचा असला तरी तो खरा धरून खेळ पुढे जातो. याखेरीज असा डाव इतकी वर्षं टिकला असता असं मला वाटत नाही.

मतदान चार विरुद्ध एक. चौघांचाही काही ना काही फायदा होता, माझाही: दोन फाशांचे गुण मला सोडायचे नव्हते. चौथ्याने एकट्याने विरोध केला. नियम २०४प्रमाणे त्याला दहा गुण मिळाले. ते मोजून घेऊनच त्याने फासा पुढच्याकडे सरकवला.